शुक्रवारी शाळेत इंजिन उघडतं

श्रोतेहो, नमस्कार.

गव्हाला पाण्याची पाळी आलेली असते आणि नेमकं त्याच दिवशी विहिरीवरचं डिझेल इंजिन बंद पडतं. तालुक्याच्या मेकॅनिकला फोन जातो. तो दोन दिवसांनी येतो, पाच-दहा मिनिटं पान्हे फिरवतो आणि इंजिन चालू होतं. झालेलं काय असतं? टाकीतलं डिझेल पार संपेपर्यंत इंजिन चालवलेलं असतं आणि नळीत हवा धरलेली असते. एवढ्यासाठी दोन दिवस पीक तहानलेलं राहतं.

मी एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या मुलामुलींना वर्कशॉप शिकवतो. आमचा दिवस शुक्रवार. नववीच्या वर्गाला मी हीच हवा काढायला लावतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला की आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. मग नोझलकडं, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीकडं, जाणाऱ्या नळीचा नट थोडा सैल करून हँडल फिरवायचं, आणि तिथंही डिझेल दिसलं की नट घट्ट करायचा.

पोरं हे दोन शुक्रवारांत शिकतात. पण असं का करायचं, हे मी लगेच सांगत नाही. विचारत राहतो. मग कुणीतरी म्हणतं, "सर, हवा दबते, डिझेल दबत नाही." बरोबर! नोझल उघडायला चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाब लागतो. मध्ये हवा असली तर पंपाची सगळी ताकद ती हवा दाबण्यातच जाते, नोझल उघडतच नाही. वायू दाबता येतो, द्रव जवळपास दाबता येत नाही, हे वाक्य विज्ञानाच्या पुस्तकात आहेच. तिथं ते पाठ होतं, इथं ते हाताला लागतं. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग का नसतो, हा प्रश्नही त्याच दिवशी निघतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि डिझेल आपोआप पेट घेतं.

हँडल मारायला शिकवताना मात्र मी कडक असतो. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही. इंजिनानं उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटलं पाहिजे, अंगठा किंवा मनगट मोडता कामा नये. घरी वडील चुकीचं धरत असतील तर त्यांनाही सांगा, असं मी मुलांना बजावतो.

हे शिक्षण आपल्याकडं नवीन नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हातानं काम करत शिकण्याची मांडणी केली, तीच नई तालीम. पुढं १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग पुणे जिल्ह्यातल्या पाबळला आले. अमेरिकेत पीएच.डी. केलेला, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेला हा माणूस मोठी नोकरी सोडून शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी गावात राहिला आणि तिथं त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस, आणि चार विभाग : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलांनी गावाची खरी कामं करायची आणि त्यातून शिकायचं. शिकवायला गावातला कारागीरही चालतो, हे मला त्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं. कारण मी स्वतः फॅब्रिकेशनच्या दुकानातून शाळेत आलो.

आता वेल्डिंगबद्दल. एका मुलीची आई शाळेत आली होती. म्हणाली, "सर, पोरीच्या तोंडावर ठिणगी उडाली तर?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "ताई, तुम्ही स्वतःच बघा." त्यांना चामड्याचे हातमोजे दिले, डोक्यावर काळ्या काचेचं हेल्मेट चढवलं आणि मुलीला वेल्डिंगचा दहा नंबरचा रॉड लावून गोठ्याच्या फाटकाची बिजागरी जोडायला सांगितली. काचेतून त्यांनी लोखंड वितळताना पाहिलं. रॉड पुढं सरकतो तसा मागं लाल मणी थिजत जातो, तो पाहिला. मुलीनं चिपिंगच्या हातोडीनं वरची खपली झाडली, खालून स्वच्छ रेघ निघाली. आई बराच वेळ त्या जोडावरून हात फिरवायला बघत होती, आणि मुलगी "आई, गरमंय अजून" म्हणून आईचा हात मागं ओढत होती.

आर्ककडं, म्हणजे वेल्डिंगच्या त्या प्रखर उजेडाकडं, उघड्या डोळ्यांनी बघू नका, हे मी अनुभवानं सांगतो. त्या वेळी काहीच कळत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होतं. तरुणपणी मी ती रात्र काढली आहे. अंगावर सुती कपडे हवेत, नायलॉन अंगाला वितळून चिकटतं. आणि डिझेलच्या रिकाम्या पिंपाला वेल्डिंग कधीही करू नका. पिंप रिकामं दिसतं, पण आत वाफ असते आणि एका ठिणगीनं त्याचा स्फोट होतो.

एक गोष्ट मला मनापासून खुपते. पूर्वी मी एका शाळेत होतो, तिथं माझ्याकडं फक्त गणितात नापास झालेली मुलं पाठवत. हुशार मुलं त्या तासाला शिकवणीला बसत. नापास मुलांचं माझ्याकडं भलंच झालं. पण पहिल्या नंबरच्या मुलाला वडिलांच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या नळीच्या तळाची झडप, काय करतो हे माहीत नसावं, हा त्याच्यावर झालेला अन्याय आहे. काटकोन तपासायला आम्ही कोपऱ्यापासून एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट आणि मधलं तिरकं अंतर पाच फूट मोजतो. पायथागोरस त्यानं पाठ केला होता, पण फाटकाची चौकट काटकोनात आणली ती 'ढ' म्हणवल्या जाणाऱ्या पोरानं. दोघं एकाच चौकटीशी उभे राहिले असते तर दोघांनाही ते उमजलं असतं. म्हणून हा विषय सगळ्यांना हवा, मुलींना आणि मुलांना, पहिल्या बाकाला आणि शेवटच्याही.

शेवटी तुमच्याकडं एक मागणं आहे. मोटार बसवल्यावर गोठ्यामागं टाकलेलं जुनं इंजिन कुणाकडं असेल, तर ते भंगारात घालण्याआधी जवळच्या शाळेत विचारा. चालू नसलं तरी चालेल. नव्या इंजिनाला हात लावायला पोरं बिचकतात, गंजलेलं बेधडक उघडतात. टाकी रिकामी करून द्या, आणि हँडल सोबत असू द्या.

नमस्कार.