मावळतीनंतरची वीज

नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यात गेलात की दोन गोष्टी हमखास दिसतात: ब्राह्मणवेलच्या माळावरच्या पवनचक्क्या आणि शिवाजीनगरचा सौर प्रकल्प. दुपारी वीज उदंड. पण संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात तेव्हा ऊन गेलेलं असतं. मग दुपारची वीज ठेवायची कुठे? तर पाण्यात. उंचावरच्या पाण्यात.

माझे मामा तिकडचेच, कांदा-मका करणारे. रात्रीच्या विजेला ते विटले होते. शेतीला रात्री वीज देणं मुळातच चूक, असं माझं ठाम मत आहे. अंधारात बॅटरी घेऊन, विंचूकाट्यातून माणसानं कांद्याला पाणी भरायला का जावं? मामांनी सौर पंप बसवला, वरच्या अंगाला टेकाडावर शेततळं खोदलं, त्यात कागद अंथरला. दिवसभर विहिरीचं पाणी वर चढायचं. पहाटे कॉक फिरवला की ठिबकला आपसूक पाणी. वीज असो, नसो.

एका संध्याकाळी आम्ही तळ्याच्या बांधावर उभे होतो. मामा म्हणाले, "भाचा, पानी तं वर शे. मंग यानी वीज बनस का?"

मी तिथेच हिशेब मांडला. तळ्यात १० लाख लिटर पाणी, खालच्या वावरापासून उंची १० मीटर. सगळं पाणी सोडलं, थेंबाची गळती धरली नाही, तरी किती? २७ युनिट! मामांचा चेहरा उतरला. एवढं तळं, आणि घराचं महिन्याचं बिलही त्यात भागेना. ते गप्प राहिले. मग मागच्या डोंगराकडे बोट करून म्हणाले, "मंग पानी त्या डोंगरवर ने!"

मंडळी, मामांनी नेमकं मर्म पकडलं. तेच १० लाख लिटर पाणी ४०० मीटरवरून आलं, तर हिशेब हजार युनिटच्या वर जातो. पाणी तेच, उंची चाळीसपट, वीजही चाळीसपट.

आपल्या राज्यात हे घाटघरला चालतं. वरचं धरण अकोले तालुक्यात, खालचं कड्याच्या पायथ्याशी ठाणे जिल्ह्यात. संच दोन, क्षमता २५० मेगावॉट. वीज जास्त असली की यंत्रं पाणी वर चढवतात. मागणी वाढली की तेच पाणी खाली येताना तीच यंत्रं उलटी फिरून वीज देतात. चार युनिट घातले की साधारण तीन परत मिळतात. पुन्हा सांगतो, चार घाला, तीन घ्या. पाणी खर्च होत नाही, बाष्प होऊन उडेल तेवढंच.

खानदेशात ऊन आहे, वारा आहे, सातपुडा आहे. पण डोंगर रिकामे नाहीत, तिथे पाडे आहेत. सरदार सरोवरात नंदुरबारची ३३ गावं बाधित झाली, हे आपण पाहिलं आहे. म्हणून माझी मागणी आहे, असं तळं कुठेही आखण्याआधी नकाशा पाड्यावर न्या, ग्रामसभेत लोकांच्या बोलीत समजावून सांगा, आणि ते नाही म्हणाले तर दुसरा डोंगर बघा. नमस्कार.