जॉब सोडू नका, आधी शनिवारचे दोन तास काढा

नमस्कार मंडळी, आज जरा मनापासून बोलायचंय. सकाळी लोकल, दिवसभर ऑफिस, परत लोकल, जेवण, झोप, आणि मग कधीतरी रात्री डोळा लागत नाही तेव्हा डोक्यात येतं की अरे, हे सगळं चाललंय कशासाठी? मला हे दोन-तीन वर्षं व्हायचं. पगार वेळेवर, टीम चांगली, तक्रार करावी असं काहीच नाही, तरी आतून रिकामं रिकामं. तेव्हा वाटायचं राजीनामा देऊन कुठेतरी खेड्यात शाळा काढली तरच आयुष्याला अर्थ येणार.

मग एका नोव्हेंबरात आमच्या मजल्यावरच्या आजोबांनी बेल वाजवली. हयातीचा दाखला राहिलाय म्हणाले. पेन्शनवाल्यांना दरवर्षी आपण हयात आहोत हे दाखवावं लागतं, नाहीतर पेन्शन अडकते. या आजोबांनी ३० वर्षं लेथवर काम केलेलं, बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या, दोन ठिकाणी अंगठा लावून आले तरी मॅच होईना. हात पुढे करून म्हणाले, "अगं पोरी, अंगठा माझाच आहे गं."

ते ऐकून मला कसंतरीच झालं.

आता मी ॲप टेस्टिंग करते, म्हणजे माणूस नेमका कुठे अडकतो ते बघायचं हेच माझं रोजचं काम. जीवन प्रमाण हे डिजिटल दाखल्याचं काम २०१४ ला सुरू झालं आणि २०२१ पासून चेहरा स्कॅन करूनही होतं, अंगठा लागत नाही. फोनवर दोन ॲप घ्यायची, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी, आणि जवळ आधार नंबर, पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा नंबर), बँक खातं नि मोबाइल नंबर ठेवायचा. आजोबांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढायला लावला. ॲप सांगतं डोळ्यांची उघडझाप करा, तर आजोबा डोळे गच्च मिटूनच बसायचे, देवासमोर बसल्यासारखे! चौथ्या वेळी जमलं. मेसेज आला तो त्यांनी दोनदा मोठ्याने वाचला. त्या रात्री मला मस्त झोप लागली, खरंच सांगते.

मला नेहमी दामोदर कोसंबी आठवतात. माणूस गणिताचा, १९४५ पासून मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन-येऊन नोकरी. आणि नोकरी चालू ठेवून प्राचीन नाणी वजन करत बसायचे, कारण नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, मग वजनावर संख्याशास्त्र लावलं की कुठलं जुनं कुठलं नवं याचा अंदाज येतो. जे नोकरीत वापरायचे तेच गणित त्यांनी इतिहासाला लावलं ना! म्हणून म्हणते, जॉब न सोडता शनिवारचे दोन तास काढा आणि तुम्हाला जे येतं तेच घ्या. हिशेब येतो, ड्रायव्हिंग येतं, फॉर्म भरता येतो, हे कुणासाठी तरी फार मोठं असतं.

तुम्हाला हेच करायचं असेल तर केंद्र सरकारच्या पेन्शनरांचा दाखला नोव्हेंबरात असतो, ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. ईपीएस ९५ वाल्यांचा, म्हणजे पीएफ ऑफिसकडून पेन्शन मिळणाऱ्यांचा, वर्षात कधीही चालतो, दिल्या तारखेपासून एक वर्ष. आणि प्लीज, घरचं कुणीतरी शेजारी बसवा, ओटीपी त्यांनाच टाकू द्या, कुणाचेही नंबर आपल्या फोनमध्ये ठेवू नका, म्हातारी माणसं पटकन विश्वास टाकतात.

पहिल्या वर्षी एक आजोबा होते. आता ते स्वतःच मित्रांना घेऊन येतात आणि बाजूला बसून सांगतात, "अरे मिटू नको, उघडझाप कर!" येत्या शनिवारी सहा जण आहेत, त्यातल्या एक आजी अंथरुणावरून उठत नाहीत, तर आधी त्यांच्याकडे जाणारे.