पाच काळ्या पट्ट्या, दोन राग: भूप आणि देसकार

नमस्कार मंडळी! पेटी घ्या समोर. नसेल तर मोबाइलवरचा कीबोर्डही चालेल. तीन काळ्या पट्ट्या जिथे लागून आहेत ना, त्यातली पहिली, म्हणजे काळी तीन. हा आपला सा. इथून फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा. (वाजवून) सा रे ग प ध सां. म नाही, नी नाही.

झाला भूप? अंहं. झाले नुसते पाच स्वर. हेच पाच देसकारातही आहेत, सगळे शुद्ध.

मी देसकार शिकायला बसलो तेव्हा भूप गळ्यात पक्का बसला होता. सकाळी सातची शिकवणी. आलाप करता करता गंधारावर, म्हणजे ग वर, मजेत जाऊन बसलो. गुरुजींनी भाता थांबवला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "काय रे, दिवेलागण झाली का?"

स्वर एकही चुकला नव्हता. मुक्काम चुकला होता.

भूपात वादी, म्हणजे रागातला सगळ्यात महत्त्वाचा स्वर, ग. ऐका. (गाऊन) सा, खालचा ध, सा रे गऽऽ. प ग, ध प ग, रे सा. कुठूनही फिरून या, विसावा गंधारावरच. खाली मंद्रातही खुशाल उतरा. रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, निवांत.

आता देसकार, सकाळचा राग. (गाऊन) ग प धऽऽ, प. ध सां, ध प, ग प धऽ प. इथे वादी ध, ग संवादी, म्हणजे दुसरा महत्त्वाचा स्वर; भूपाच्या बरोबर उलट. सगळी ये-जा वर, तार सा च्या, म्हणजे वरच्या सा च्या, आसपास. रे? उतरताना जाता जाता शिवायचा. तिथे रेंगाळलात की भूप डोकावलाच.

गंमत बघा, संगीतशास्त्रज्ञ पंडित भातखंड्यांनी रागांची थाटांत, म्हणजे सात-सात स्वरांच्या संचांवरून केलेल्या गटांत, वाटणी केली; त्यात भूप कल्याण थाटात घातला आणि देसकार बिलावलात. या दोन थाटांत फरक एकट्या म चा, आणि तो म दोन्ही रागांत वर्ज्य! म्हणजे थाट ठरला तो चालीवरून.

आज एवढंच करा. 'ग प ध प ग' दोनदा रेकॉर्ड करा. पहिल्यांदा ग लांबवा, ध नुसता शिवा. दुसऱ्यांदा उलट. मग घरात कुणालाही काही न सांगता ऐकवा आणि विचारा, सकाळ वाटते की संध्याकाळ? माझ्या आईनं दोन्ही वेळा विचारलं, "चहा हवाय का?"