आजीचे अवर्स

(अमेरिकेतल्या आमच्या मंडळाच्या संक्रांत मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं नीट करून.)

नमस्कार मंडळी.

समितीने मला विषय दिला होता, 'आपली मुलं आणि मेडिकलची वाट'. आमची मुलगी प्री-मेडच्या, म्हणजे मेडिकलला जाण्याआधीच्या कॉलेजातल्या तयारीच्या, तिसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा मला सांगता येईल असं त्यांना वाटलं. मी टिपणंही काढली होती. कोणते कोर्स, एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा कधी, अर्ज कधी. पण थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमच्या स्वयंपाकघरात एक वाक्य बोललं गेलं आणि त्यानंतर ती टिपणं मी उघडलेली नाहीत. आज गोड बोलायचा दिवस आहे. तरी ते वाक्य तुमच्यापुढे ठेवते, कारण ते एकट्या आमच्याच घरातलं आहे असं मला वाटत नाही.

शुक्रवारची सकाळ होती. टेबलावर लॅपटॉप उघडून मी आम्हा दोघींची ती शीट भरत होते. ज्यांच्या घरी प्री-मेडचं मूल आहे त्यांना शीट म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी, मेडिकलच्या अर्जात लिहायची कामं आणि त्यांचे तास ह्यांचा तो तक्ता. हॉस्पिटलमध्ये पेशंटची व्हीलचेअर नेणं-आणणं, १४० तास. लॅब, ६२०. पहिल्या वर्षाच्या मुलांना केमिस्ट्री शिकवणं, ९०. डान्स टीम, २१०. शेवटच्या ओळीत मी लिहिलं होतं 'आजी, मिरज' आणि पुढे ३३६. सहा आठवडे, रोजचे आठ तास धरून.

मुलगी चहाचा कप घेऊन माझ्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, आजीचे अवर्स नको करूस."

मी म्हटलं, अगं, पण खरंच केलंस ना तू ते सगळं? त्यात खोटं काय आहे? तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, तो आकडा पुसला आणि वर निघून गेली. दार आपटलं असतं तर मी निदान रागावले असते. तिने ते हळूच लावून घेतलं.

माझी आई तुमच्यातल्या बऱ्याच जणींना आठवत असेल. दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला ती इथेच होती आणि गुळाच्या पोळ्यांचं पहिलं ताट तिच्या हातचं होतं. गेल्या वर्षी मे महिन्यात तिला पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मला रजा तीन आठवड्यांचीच मिळाली. मुलीने उन्हाळ्यातलं लॅबचं काम पुढे ढकललं आणि माझ्यामागून सहा आठवडे मिरजेला राहिली. दर दोन तासांनी आजीला कुशीवर वळवायचं, पाठ बघायची, पाणी घट्ट करून चमच्याचमच्याने द्यायचं, कारण साधं पाणी घशात अडकून श्वासनलिकेत जायची भीती. हे सगळं तिला तिथल्या मावशींनी शिकवलं, ज्या अठरा वर्षं हेच काम करत आहेत.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. इतकी उत्साहात होती की मराठी-इंग्रजीचा काला झाला होता. आजीला माझं नाव येत नव्हतं, पाणी हा शब्द येत नव्हता. पण शेजारच्या घरातून दिवेलागणीला 'शुभं करोति' ऐकू आलं आणि आजीने ते अख्खं म्हटलं, एकही शब्द न अडखळता. मुलीने डॉक्टरांना गाठून विचारलं. ते म्हणाले, मेंदूच्या अशा आजारात वाचा गेली तरी पाठ असलेल्या प्रार्थना, आकडे, गाणी कधीकधी शाबूत राहतात. मग रोज संध्याकाळी दोघी मिळून शुभंकरोति. ते मुलीला आपल्या मंडळाच्या रविवारच्या शाळेतच शिकवलं होतं, ह्याच हॉलच्या मागच्या खोलीत. 'शत्रुबुद्धिविनाशाय'ला ती हमखास अडखळायची, आठवतंय ना गुरुजनांना?

ऑगस्टमध्ये आई गेली.

आपली मुलगी डॉक्टर होऊ शकेल हे मला पहिल्यांदा दिसलं ते त्या फोनवर. केमिस्ट्रीच्या मार्कांत दिसलं नव्हतं. आणि मी त्या फोनचे ३३६ तास केले.

का केले तेही सांगते. ज्यांची मुलं अजून लहान आहेत त्यांनी हे ऐकून ठेवा. इथे प्री-मेड अशी पदवी नसते. मूल काहीही शिको, त्याबरोबर बायोलॉजी, जनरल आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्री हे सगळं घ्यावं लागतं, आणि बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित ह्यांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढला जातो. मग एमकॅट, जवळजवळ साडेसात तासांची बैठक, २३० प्रश्न. आणि मग तो अर्ज. त्यात आपण केलेल्या कामांसाठी जास्तीत जास्त १५ जागा असतात. प्रत्येक कामाला ७०० अक्षरं, स्पेससकट. प्रत्येकापुढे तास लिहायचे. त्यातली तीन कामं 'सगळ्यात अर्थपूर्ण' म्हणून निवडायची. दरवर्षी ५० हजारांवर मुलं अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास आत जातात. म्हणजे ह्या हॉलमध्ये आज प्री-मेडची दहा मुलं असली, तर देशाच्या हिशेबाने त्यातल्या पाचाहून जास्त जणांना त्या वर्षी नकार येणार.

हे आकडे डोक्यात घेऊन झोपणारी आई रात्री उठून शीट भरते. मला वाटलं, हिने आयुष्यात केलेलं सगळ्यात सुंदर काम हेच आहे, कुणीतरी ते बघायला हवं. दुसरं कुठे लिहू, मला सुचलं नाही.

तिचा एक दिवस कसा असतो तेही सांगते, कारण आपल्याला फक्त निकाल कळतात. तिची लॅब फळमाश्यांच्या झोपेवर काम करते. फळमाश्या म्हणजे आपल्या पिकलेल्या केळ्यांवर येतात ती चिलटं. शरीरातलं झोप-जागेचं घड्याळ ह्याच माशीत उलगडलं आणि त्या कामाला २०१७ सालचं वैद्यकाचं नोबेल मिळालं, हे तिनेच मला सांगितलं. एकेक माशी काचेच्या बारीक नळीत ठेवायची. नळीतून आडवा इन्फ्रारेड किरण जातो, माशीने तो ओलांडला की नोंद होते. पाच मिनिटं हालचाल नाही म्हणजे माशी झोपली, असं धरायचं. ठरवलेल्या नर-मादीपासूनच माश्यांची पुढची पिढी हवी असेल तर कोशातून बाहेर पडल्यावर आठ तासांच्या आत माद्या वेगळ्या काढाव्या लागतात. म्हणून ती सकाळी सातला लॅबमध्ये असते आणि रात्री पुन्हा जाते. मधे वर्ग, दुपारी शिकवणी, बुधवारी हॉस्पिटल, गुरुवारी डान्सची तालीम. माश्यांना शनिवार-रविवार नसतो.

तिला हे आवडतं बरं का. माश्यांबद्दल बोलायला लागली की थांबत नाही. गेल्या वर्षी ऑरगॅनिकच्या पहिल्या परीक्षेत तिला ४८ मिळाले, वर्गाची सरासरी ५५. त्या रात्री हॉस्टेलच्या जिन्यावरून फोन आला होता. "आई, हा कोर्स आम्हाला गाळायलाच ठेवलाय." तिने नाच सोडला, महिनाभर. आणि मग परत धरला, कारण नाच नसला की झोपच लागत नाही म्हणाली. त्या सेमिस्टरला बी मायनस आला. मी पंधरा दिवस तिच्याशी त्या बी मायनसखेरीज दुसरं काही बोलले नाही, हेही आज सांगते.

नाताळच्या सुट्टीत ती आमच्या सोफ्यावर पुस्तक छातीवर ठेवून पडली होती. मी समोर बसून घड्याळ बघत होते. पाच मिनिटं ती हलली नाही. मी दिवा बंद केला.

मंडळी, आपण बारावीची माणसं. पीसीबीचा एक आकडा, कॉलेजच्या फळ्याजवळची गर्दी, ओळखीच्या चेहऱ्यांवरून आधीच कळलेला निकाल. माझं मेडिकल चार मार्कांनी हुकलं आणि मी फार्मसीला गेले. आमच्या वेळी परीक्षा संपायची तरी. मार्कशीट हातात आली की रडून मोकळं व्हायचं, आणि पुढे चालायला लागायचं. ह्या मुलांना मार्क तर हवेतच, शिवाय तू माणूस कसा आहेस हेही दाखव म्हणतात. मला ते मुळात चुकीचं वाटत नाही. कधी आजाऱ्याजवळ बसला आहेस का, असं विचारणं बरोबरच आहे. पण आपण घरी काय केलं? अपेक्षित प्रश्नसंच घोकायची आपली सवय आपण इथे आणली आणि सेवेला लावली. कोणत्या सेवेला किती वजन, कोणत्या लॅबमध्ये संशोधनाच्या पेपरवर नाव लवकर लागतं, हे आपण हळदीकुंकवाला बसून ठरवतो.

म्हणून तीन गोष्टी बोलते. रागावू नका, मी ह्या तिन्हींत आहे.

मुलं सुट्टीत मंडळात आली की लगेच "एमकॅट किती?" विचारू नका. मागच्या गणपतीला एका मुलीला आरतीच्या रांगेत हा प्रश्न चार वेळा विचारला गेला. ती प्रसाद न घेता गाडीत जाऊन बसली. मी बघत होते आणि गेले नाही.

दुसरं, आपल्यातल्या डॉक्टरांना. तुम्ही ओळखीच्या घरांतल्या मुलांना शॅडोइंगला, म्हणजे तुमच्याबरोबर राहून तुमचं काम बघायला, बोलावता, चांगलंच करता. पण दोन वर्षांपूर्वी इथे आलेल्या घरांतल्या मुलांना तुमचं नावसुद्धा माहीत नसतं. त्यांच्या आईवडिलांना कुणाला फोन करायचा हे कळत नाही आणि विचारायला संकोच वाटतो. मराठी शाळेच्या टेबलावर आज मी एक वही ठेवली आहे. वर्षातून दोन दिवस देता येत असतील तर नाव लिहा. मुलगा कुणाचा, हे न विचारता.

तिसरं सांगणं मला जड जातंय. आपल्याकडे दर कार्यक्रमाला तबला वाजवणारा एक मुलगा होता. त्याने प्री-मेड सोडलं. त्यानंतर वर्षभर ते घर मंडळात आलं नाही. आपण सगळ्यांनी ओळखलं, आणि आपल्यातल्या एकानेही फोन केला नाही. ज्याला प्रवेश मिळतो त्याचे फोटो आपण लावतो. सोडणाऱ्या मुलाशी काय बोलायचं हे आपल्याला ठाऊकच नाही.

आमची मुलगी दहा वर्षांची असताना ह्याच मंचावर नऊवारी नेसून आनंदीबाई जोशी झाली होती. संहिता मी लिहिली होती. फिलाडेल्फियातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात ११ मार्च १८८६ ला पदवी मिळते, सगळे टाळ्या वाजवतात, पडदा. पुढचं मी लिहिलं नव्हतं, लहान मुलांचा कार्यक्रम म्हणून. इथल्या थंडीत, अपुऱ्या अन्नावर, बिघडत गेलेली तब्येत. आणि पुरतं वर्षही न होता, २६ फेब्रुवारी १८८७ ला, एकविसाव्या वर्षी मृत्यू. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला तिच्या अस्थी आहेत. मुलीने हे नंतर स्वतः वाचलं आणि मला विचारलं होतं, "तू सांगितलं का नाहीस?" तेव्हा मी तिला तू लहान होतीस म्हटलं. आता ती वीस वर्षांची आहे. फोनवर मी तिला जेवलीस का विचारते, ती हो म्हणते, आणि मी लगेच तासांकडे वळते.

भांडणानंतर आठवड्याने तिचा फोन आला. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "थांब, मला सांगू दे. अर्जात मी आजीबद्दल लिहीनही कदाचित. ते मी ठरवीन. पण आता मी काहीही करायला गेले की आधी मनात येतं, हे कुठल्या खान्यात बसेल. कुणाची व्हीलचेअर ढकलताना पण येतं. मिरजेत ते आलं नव्हतं, सहा आठवड्यांत एकदाही नाही. तेवढं माझ्याकडे राहू दे."

मग जरा थांबून म्हणाली, "डॉक्टर झाल्यावर पण पेशंटकडे बघून तसंच वाटलं तर, आई?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. इथे बसलेल्या डॉक्टरांपैकी कुणाकडे असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटा. मी खरंच विचारतेय.

मे महिन्यात अर्जाची खिडकी उघडेल. ह्याच वर्षी अर्ज करायचा की एक वर्ष थांबायचं, हे तिने सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही. शीट अजून आम्हा दोघींकडे आहे. काल रात्री ह्या भाषणासाठी म्हणून मी ती उघडली. शेवटची ओळ तिने काढून टाकलेली नाही. आकड्याचा खाना रिकामा आहे, 'मिरज'ही पुसलंय, आणि पहिल्या खान्यात 'आजी' एवढंच आहे. ते राहून गेलंय की तिने ठेवलंय, मला माहीत नाही.