पहाऱ्यावर कोण होतं?

ठाण्यात बोलायला उभं राहायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. पुण्यात दोन गोष्टी ठोकून दिल्या तरी खपून जातात. इथे पहिल्याच रांगेत माझ्या वर्गातले दोघे आहेत आणि शेजारी आत्या बसलीय. आत्या नव्वदीला टेकलीय, आणि तिला ऐकू उत्तम येतं.

आमचं जुनं घर चरईत. दोन खोल्या, मागे विहीर. देवघरात देवांच्या पाठीमागे कापडात गुंडाळलेला एक कागद असायचा. त्याला घरात 'सनद' म्हणत. दसऱ्याला बाहेर काढायची, हळदकुंकू वाहायचं, परत ठेवून द्यायची. मोडी कुणालाच येत नव्हती, त्यामुळे आत काय लिहिलंय याबद्दल मतभेद नव्हते. पेशव्यांनी दिलेली जमीन! ती कुठे आहे एवढंच दर दिवाळीला बदलायचं. जिथे भाव वाढतील तिकडे काका ती सरकवायचे. माझ्या लहानपणी ती कल्याणला होती, मी कॉलेजात जाईपर्यंत बेलापूरला पोचली.

बँकेत लागल्यावर मी मोडी शिकलो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत अंतर नाही, लिहिणारा घाईत असला तर बघायलाच नको. वर्षभराने धीर करून सनद सोडली. संध्याकाळी सुरुवात केली, जेवणं होईपर्यंत लागली. पातेली दोन. तपेली एक. परात थोरली एक, काठ चेपलेला. कुणाच्या तरी लग्नाला दिलेल्या भांड्यांची याद होती ती. आणि अगदी खाली, वेगळ्या शाईत, 'परात आली नाही.'

काका माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. जमिनीच्या सनदा पुण्याच्या पेशवे दप्तरात हव्या तेवढ्या मिळतात हो. चेपलेल्या काठाची परात आली नाही म्हणून चरफडत शाई उगाळणारं माणूस मला तोवर कुठल्याच दप्तरात भेटलं नव्हतं. तेव्हापासून मी पहाटे पाच ते सात लिहायला लागलो. सातला नळ जायचा, म्हणून सात. मग लोकल. ठाणे ते बोरीबंदर, १८५३ साली पहिली गाडी धावली तोच मार्ग. फक्त तेव्हा बसायला जागा मिळाली असावी.

आता मुख्य गोष्ट. तांदूळ निवडताना आजी एक हकिगत सांगायची, आणि त्यातला शब्द कधी बदलायची नाही. "आपल्या घरचा एक जण किल्ल्यावर पहाऱ्याला होता. त्या रात्री त्र्यंबकजी पळाला. हा पहाटे घरी आला तो गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल. बायकोनं काही विचारलं नाही. धोतर घेतलं नि विहिरीवर गेली."

किल्ला म्हणजे आपला तुरुंगच. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. त्र्यंबकजी डेंगळे हे दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू कारभारी. १८१५ च्या आषाढात पंढरपुरात बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, त्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि इंग्रजांनी त्यांना इथे आणून कोंडलं. सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. आमचा पूर्वज त्या रात्री पहाऱ्यावर! एवढं हाताशी असल्यावर कोण थांबतो? कादंबरीची साडेतीनशे पानं झाली.

मग एका शनिवारी ग्रँट डफ नीट वाचला. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा, म्हणजे घटनेनंतर दहाच वर्षांनी छापलेला. तो सांगतो ते असं. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार साहेबाचा घोडा फिरवायला न्यायचा. त्र्यंबकजींच्या खिडकीखालून जाता-येता तो आपल्याच तंद्रीत असल्यासारखा गात असे, आणि बाहेरचे निरोप त्या गाण्यातून आत पोचत. पहाऱ्यावरच्यांना संशय आला नाही, कारण त्यांना मराठी कळत नव्हतं. पहारा गोऱ्यांचा होता.

गोऱ्यांचा! मराठी कळणारा एक माणूस तिथे उभा असता तर तो बेतच फसला असता. म्हणजे आमचा पहारेकरी गेला आणि त्याच्याबरोबर माझी साडेतीनशे पानं.

आत्या म्हणाली, "मग तो मोतद्दारच आपला होता असं लिही की. नाव दिलंय का त्या साहेबानं?"

"नाही दिलेलं."

"मग झालं तर."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. एक प्रकरण लिहूनही बघितलं. पण खरारा करणाऱ्याच्या हाताचं काहीच मला येईना. घोड्याचा वास नाही, लगामाची ओढ नाही. आजीच्या बोलण्यात घोडा कुठे होता? तिच्याकडे चिखल होता, धोतर होतं, विहीर होती आणि न विचारणारी बाई होती. पहारा घराण्याच्या मानासाठी मागाहून कुणीतरी चिकटवला असणार, जशी आमच्या परातीची सनद झाली तसा. चिखल मात्र कोण कशाला जोडेल? चिखलात मान नसतो.

मी कादंबरी त्या बाईपासून पुन्हा सुरू केली. माणूस पहाटे घरी येतो. कुठून, ते तिला माहीत नाही. मलाही नाही. गावात बोभाटा होतो तो दिवस वर आल्यावर, तोवर धोतर वाळत पडलेलं असतं. त्र्यंबकजी पुस्तकात आहेत, पण खिडकीच्या आतल्या बाजूला, थोडकेच. परातही आहे. ज्यांनी ती परत केली नाही, त्यांचं आडनाव यादीत होतं. मी ते बदललंय, कारण ती मंडळी अजून ठाण्यात राहतात.

पुस्तक आल्यावर चुलतभावाचा फोन आला. घराण्याचा पहारेकरी तू घालवलास म्हणाला. आत्यानं भिंगातून महिनाभर वाचलं. धोतराचं पान आलं तेव्हा मला बोलावून घेतलं.

"हिनं विचारलं कसं नाही रे?"

"अगं, तुझी आईच तसं सांगायची ना?"

"आई काय सांगायची ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मी असते तर विचारलं असतं."