भिलारमधला वैशाख

मे महिन्यातली सकाळ. खाली वाईत ऊन आत्ताच तापायला लागलंय. पसरणीचा घाट चढून पाचगणी मागे टाकली की वाऱ्यातला फरक अंगाला कळतो. तिथून पाच-सहा किलोमीटरवर भिलार. एरवी हे स्ट्रॉबेरीचं गाव. आता हंगाम सरलाय, शेतातली धावपळ थांबलीय. घरांची दारं मात्र उघडी आहेत, वाचणाऱ्यांसाठी.

४ मे २०१७ रोजी भिलार ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्य मराठी विकास संस्थेचा हा उपक्रम. सुरुवातीला २५ ठिकाणं होती आणि सुमारे १५ हजार पुस्तकं. मूळ कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावाची. तिथे रिचर्ड बूथ यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या पुस्तकांचं दुकान थाटलं आणि हळूहळू गावभर पुस्तकांची दुकानं झाली. भिलारनं यातली एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. इथे दुकानात शिरायचं नसतं, कुणाच्या तरी घरात शिरायचं असतं. दाराशी चपला काढायच्या, कपाटातलं पुस्तक घ्यायचं आणि तिथंच बसून वाचायचं.

एका घरात एक साहित्यप्रकार. कादंबऱ्या एकीकडे, चरित्रं-आत्मचरित्रं दुसरीकडे, बालसाहित्य आणखी कुठे. त्यामुळे कादंबरीकडून कवितेकडे जायचं तर पुन्हा चपला घालून गल्ली ओलांडावी लागते. वर्षभर आपण आपल्या आवडीच्या एकाच कपाटापाशी घुटमळतो. इथे वाटेत दुसऱ्याचं घर लागतं, आणि आतून कुणीतरी ‘या’ म्हणतं.

आम्ही एकच प्रश्न घेऊन आलो होतो. या सुट्टीत काय वाचताय?

आधी माझं सांगते. माझ्या पिशवीत दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ आहे. १९५६ सालचं. मराठी महिन्यांच्या वाटेनं जाणारे निसर्गावरचे लेख. दर उन्हाळ्यात मी त्यातला ‘चैत्रसखा वैशाख’ काढते. दोन पानं वाचायची, मान वर करून समोरच्या झाडाकडे बघायचं, पुन्हा दोन पानं. घाईनं वाचायचं हे पुस्तकच नाही.

हा मुलगा सकाळपासून पालथा पडलाय. हातात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश, त्याची सायकल आणि तोंडातला तो ‘टॉक्’. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. त्याला ऐकूच गेलं नाही.

पुढच्या घरात कॉलेजातली एक मुलगी विज्ञानकथा वाचतेय, जयंत नारळीकरांच्या. तिला मी एक गोष्ट सांगितली. नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा टोपणनावानं पाठवली होती. स्वतःची आद्याक्षरं उलटी केली आणि जयंत विष्णू नारळीकरांचे झाले नारायण विनायक जगताप. जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. ती हसली आणि पुन्हा पुस्तकात गेली.

सुट्टीतलं वाचन हलकंफुलकंच असावं, असं म्हणतात. मला ते पटत नाही. व्हरांड्यात बसलेल्या त्या तरुणाकडे बघा. तो ‘बलुतं’ वाचतोय. १९७८ साली आलेलं दया पवारांचं आत्मकथन. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो, आणि दोघं एकच. शिकून शहरात स्थिरावलेला माणूस आणि महारवाड्यातला पोर समोरासमोर बसलेत. मधेच त्या तरुणानं पुस्तक मिटलं, बाहेर जाऊन बराच वेळ उभा राहिला. मग परत आला. ऑफिस गाठायची घाई असलेल्या दिवशी हे पुस्तक वाचता येत नाही. त्याला असा मोकळा दिवसच द्यावा लागतो.

आणि हे सर. निवृत्त शिक्षक, इतिहासाचे. दोन दिवसांपासून गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये आहेत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत अशी बातमी कानावर येते आणि दक्षिणा मिळेल या आशेनं ते काकांबरोबर उत्तरेकडे निघतात. साल १८५७. वाटेतच बंडाची आग पेटते. कर्ज फेडायला निघालेला भिक्षुक झाशीत जाऊन पोचतो, आणि १८५८च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रजांचा वेढा पडतो तेव्हा तो शहरात असतो. झाशीचा पाडाव तो डोळ्यांनी बघतो. तोफा, लूट, जीव मुठीत धरून लपलेली माणसं. हे सारं सेनापतीच्या नजरेतून येत नाही. पोटासाठी घर सोडून आलेल्या कोकणातल्या एका माणसाच्या नजरेतून येतं. शेवटी तो घरी परततो, तो गंगेची कावड घेऊन. पुस्तक छापून आलं १९०७मध्ये. मधे पन्नास वर्षं गेली होती.

सर म्हणाले, “मुलांना वेढ्याच्या तारखा पाठ करायला लावल्या. हे पुस्तक वर्गात वाचून दाखवायला हवं होतं.”

संध्याकाळी आम्ही कवितेकडे वळलो. बहिणाबाई चौधरी. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचलेल्या ओव्या घरच्यांनी टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यानंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या पुस्तकरूपानं आल्या. मी मोठ्यानं वाचायला लागले. कुठला खानदेश आणि कुठलं हे जावळीच्या डोंगरातलं गाव, पण घरातल्या आजी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराला टेकल्या. “म्हण की अजून एकदा,” म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्या माझ्या आधी शेवटचा शब्द म्हणायला लागल्या.

अंधारून आलं. पुस्तक ज्या घरचं, त्या घरातच ठेवायचं. मुलगा अखेर जेवायला गेला. सरांनी खिशातून चिठ्ठी काढून तिच्यावर पानाचा आकडा लिहिला.

“कुठवर आलात, सर?”

“झाशीत अडकलोय. सकाळची वाईची एसटी सोडून द्यावी म्हणतो.”

घरच्या ताई कपाट लावत होत्या. म्हणाल्या, “या की मग. चहाला इथंच या.”