कुत्र्यानं झाड खाल्लं? आधी फांदी तोडा!

हे पान बघा. एक कड पार कातरलेली, मधे दातांची दोन भोकं, आणि खाली फरशीवर हिरवा चोथा. हा उद्योग ज्याचा तो कुंडीमागे बसलाय, तोंडातून लाळेची तार लोंबतेय आणि पुढच्या पंजानं सारखा जबडा खरवडतोय. शेरू, वय 8 महिने.

झाड आहे डिफेनबेकिया. हिरव्या पानावर पांढरट शिंतोडे, सावलीतही मस्त वाढतं म्हणून लोक हौसेनं घरात ठेवतात. आता त्याच पानाचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली. या शॉटसाठी आमच्या तीन स्लाइड वाया गेल्या पण आता नीट बघून घ्या, या लांबट पेशीत सुया कशा ठासून भरल्यात, भात्यात बाण असावेत तशा. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक आहेत हे. पान चावलं की पेशीवर दाब येतो, आत लाळ शिरते आणि पेशीच्या टोकातून सुया सटासट सुटतात, त्या जिभेत, हिरड्यांत, घशात जिथे मिळेल तिथे रुततात. आता कळलं ना ती लाळ का गळतेय ते. आग एवढी लगेच होते की कुत्रा दोन घासांतच नाद सोडतो, म्हणून याच्यात जिवावर सहसा बेतत नाही. मनी प्लँट, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन ही सगळी अळूच्या खानदानातली, सगळ्यांकडे ह्याच सुया.

घरच्यांनी काय केलं ते बघा. आधी उरलेली कुंडी उचलून वर ठेवली, मग तोंडात अडकलेले तुकडे बोटानं काढले, ओल्या फडक्यानं जीभ आणि हिरड्या पुसल्या, थोडं पाणी प्यायला दिलं. आणि मग हा कात्रीचा शॉट, आमच्या मते अख्ख्या व्हिडिओतला सगळ्यात कामाचा. पानासकट फांदी कापली आणि डॉक्टरांना दाखवायला पिशवीत टाकली. फूल, फळ, बी असेल तर तेही घ्यायचं, उलटीत तुकडे पडले असतील तर तेही, घाण वाटली तरी. कुंडीत नुकतंच खत किंवा कीटकनाशक घातलं असेल तर त्याचं पाकीटही सोबत.

कारण टेबलावर घेतल्या घेतल्या डॉक्टरांचे प्रश्न हेच असतात: काय खाल्लं, किती, किती वाजता, वजन किती. आणि नुसती उलटी बघून झाड ओळखता येत नाही हो. ही कण्हेर, लांब निमुळती पानं, गुलाबी फुलं. सुरुवात उलटीनंच होते पण हिचं विष हृदयाचे ठोके बिघडवतं, आणि पान वाळलं तरी विष तसंच राहतं. हा सागो पाम, नावात पाम असला तरी पाम नाहीच, सायकस नावाच्या वेगळ्याच जातकुळीतला आहे. मधल्या या नारिंगी-लाल बियांत सगळ्यात जास्त विष. इथेही आधी उलटीच, मग कधी कधी एखादा दिवस कुत्रा बरा वाटतो, घरचे निश्चिंत होतात, आणि आत यकृत खराब होत असतं. उपचार करूनही बरीच कुत्री जातात.

मीठ पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठाचीच विषबाधा होते, शिवाय आग करणारी वस्तू परत त्याच घशातून वर येते. उलटी काढायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, त्यांच्याकडे त्याचं इंजेक्शन असतं, पण ते साधारण पहिल्या तास-दोन तासांत दिलं तरच उपयोगाचं, म्हणून फोन आधी करा, सर्च नंतर. श्वासाला त्रास, झटके, उभं राहता येत नाही असं काही दिसलं तर वाट बघत बसूच नका, फांदीसाठीही थांबू नका, मोबाईलवर झाडाचा फोटो काढा आणि निघा.

शेरूची सूज संध्याकाळपर्यंत उतरली. हा त्याचा पाणी पितानाचा शॉट.

आणि हे दुसऱ्या दिवशीचं. प्रत्येक कुंडीत झाडाचं नाव लिहिलेली लाकडी पट्टी खोचलीय, मार्करनं, मोठ्या अक्षरात. सहा कुंड्या, सहा पट्ट्या.

पाच. सहावी शेरूच्या तोंडात आहे.